मिठाची राखण

दसरा उलटला की सिरसाळ्याच्या रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या राहू लागतात. परळीहून तेलगावमार्गे बीडकडे जाणाऱ्या या रस्त्याची कळाच त्या चार-आठ दिवसांत बदलते. ट्रॉलीत आधी पिठाची पोती जातात, मग भांडीकुंडी, गोधड्या, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, मग शेरडं-कोंबड्या आणि सगळ्यांच्या वर लेकरं. मुकादमाकडून उचल घेऊन झालेली असते. आता कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, गाव सुटलं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. परळी, धारूर, वडवणी, केज, पाटोदा, आष्टी, सगळीकडून असे कोयते निघतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात.

माझं आजोळ इथलं. गेल्या वर्षी मामी गाठोडं बांधत असताना मी शेजारी बसलो होतो. बाजरीचं पीठ, येसर, लाल तिखट, खडे मिठाची पिशवी, आणि त्या पिशवीलाच रबर लावून बांधलेल्या टेल्मिसार्टनच्या सहा पट्ट्या. मामीला दोन वर्षांपूर्वी बीपी निघालं. पट्ट्या माझ्यासमोर धरून ती म्हणाली, “बाळा, ही गोळी करती तरी काय रं? पीठ काय करतंय, मीठ काय करतंय ते मला ठाव हाय. हिचं तेवढं सांग.”

चहा संपेपर्यंत सांगता आलं तेवढं सांगितलं, पण ते अपुरं होतं. मामीची गोळी शरीरातल्या एका फार जुन्या व्यवस्थेच्या आड उभी राहते. ती व्यवस्था मीठ आणि पाणी राखण्यासाठी आहे, आणि ज्या मुलखात पाण्यासाठी माणसं घर सोडतात त्या मुलखाला ती समजावी असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात मूत्रपिंडापासून करायला हवी. आपल्या दोन मूत्रपिंडांतून दर मिनिटाला सव्वा लिटरच्या आसपास रक्त जातं, म्हणजे हृदय जेवढं रक्त फेकतं त्याचा साधारण पाचवा हिस्सा. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. सगळ्या मिळून दिवसभरात १८० लिटर पाणी गाळतात. त्या पाण्याबरोबर किती मीठ गाळलं जातं याचा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा पुन्हा करून पाहिला: जवळजवळ दीड किलो. मामीच्या गाठोड्यातली मिठाची पिशवीही एवढी नव्हती. हे सगळं लघवीवाटे गेलं तर माणूस दिवसभरही तग धरणार नाही. म्हणून गाळलेलं नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक मीठ आणि पाणी पुढच्या नळ्यांमध्ये परत रक्तात ओढलं जातं. बरंचसं काम आपोआप होतं. शेवटच्या दोन-तीन टक्क्यांचं काय करायचं, हे मात्र दिवसागणिक ठरतं. दीड किलोचे दोन टक्के म्हणजे ३० ग्रॅम, आणि एवढं मीठ कुणी दिवसभरात खात नाही. शरीरात मीठ साठणार की तुटणार, याचा फैसला या शेवटच्या टप्प्यावर होतो.

हा फैसला करणारी जागा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की तिची रचना मन वेधून घेते. प्रत्येक गाळणीतून निघालेली नळी खाली खोल जाते, वळते, वर येते आणि नेमकी आपल्याच गाळणीच्या तोंडाशी येऊन तिला टेकते. जिथे ती टेकते तिथे नळीच्या भिंतीतल्या पेशी दाटीवाटीने उभ्या असतात. नळीतून किती मीठ वाहतंय ते त्या चाखतात. त्यांना लागूनच गाळणीत रक्त आणणारी बारीक धमनी असते आणि तिच्या भिंतीत रेनिन बनवणाऱ्या पेशी असतात. जन्माने त्या धमनीच्याच स्नायूपेशी, पण ग्रंथीचं काम शिकलेल्या. शरीरात मिठाची तूट बरेच दिवस चालली तर आसपासच्या साध्या स्नायूपेशीही हळूहळू रेनिन बनवायला लागतात.

माजलगावच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना पाटकरी कोण ते सांगायला नको. धरणात पाणी किती, चारीला किती उतरलं, वरून निरोप काय आला, हे पाहून दार वर करायचं की खाली करायचं हे तो पाहतो. रेनिनच्या पेशीही तीन बाजूंनी खबर घेतात. धमनीतला दाब उतरला आणि तिची भिंत सैलावली, ही पहिली. नळीतून येणारं मीठ कमी झालं, ही दुसरी. चाखणाऱ्या पेशी तेव्हा प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन सोडून शेजारणीला जागं करतात. तिसरी खबर मेंदूकडून, चेतातंतूंमार्फत येते. भीती, रक्तस्राव, नुसतं झोपेतून उठून उभं राहणं, यातल्या कशानेही नॉरअ‍ॅड्रिनलिन सुटतं आणि रेनिन वाढतं.

इथे एक गोष्ट ग्रंथींच्या सर्वसाधारण रीतीच्या अगदी उलट घडते. शरीरातल्या बहुतेक ग्रंथीपेशींमध्ये कॅल्शियम वाढलं की साठवलेला स्राव बाहेर पडतो. इन्शुलिन तसंच सुटतं. रेनिनच्या पेशीत मात्र कॅल्शियम वाढलं की स्राव थांबतो. कारण सरळ आहे. दाब वाढून धमनीची भिंत ताणली गेली की पेशीत कॅल्शियम शिरतं, आणि त्या वेळी रेनिनची गरज नसते. साखळीच्या शेवटी तयार होणारं अँजिओटेन्सिन परत येऊन या पेशींवर बसतं तेही कॅल्शियम वाढवूनच त्यांना गप्प करतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून येणारा एक निरोपही रेनिनला आवर घालतो. १९८१ साली कॅनडात अडॉल्फो डी बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला आणि त्यांच्या लघवीतून मीठ-पाणी भराभर जाऊ लागलं. तोवर केवळ पंप समजलं जाणारं हृदय संप्रेरक बनवणारं इंद्रियही आहे, हे त्या दिवसापासून मान्य करावं लागलं.

रेनिन स्वतः दाब वाढवत नाही. ते कात्रीसारखं आहे. यकृत अँजिओटेन्सिनोजेन नावाचं लांबलचक प्रथिन रक्तात सोडत असतं. रेनिन त्याच्या टोकाचा दहा दुव्यांचा तुकडा कापतं. हा तुकडा म्हणजे अँजिओटेन्सिन एक, आणि त्याच्यात फारसा जोर नसतो. रक्ताबरोबर तो फिरतो आणि प्रामुख्याने फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर बसलेलं एसीई नावाचं दुसरं विकर त्याचे दोन दुवे छाटतं. उरतो आठ दुव्यांचा अँजिओटेन्सिन दोन. याचं आयुष्य मिनिटभराचंही नाही, पण तेवढ्यात तो चार ठिकाणी हुकूम पोचवतो. रक्तवाहिन्या आवळतात. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली अ‍ॅड्रिनल ग्रंथी आपल्या सालीच्या सर्वांत बाहेरच्या थरातून अल्डोस्टेरॉन सोडते आणि ते नळ्यांना शेवटचं मीठ ओढून घ्यायला लावतं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी पाणी अडवणारं व्हॅसोप्रेसिन सोडते. आणि तहान लागते. १९७० मध्ये एप्स्टाइन, फिट्झसिमन्स आणि रोल्स यांनी अँजिओटेन्सिनचा अगदी थोडा अंश उंदरांच्या मेंदूत सोडला, तर पोटभर पाणी प्यायलेले उंदीरही पुन्हा पाण्याकडे धावले. उसाच्या फडात दुपारी घशाला पडणारी कोरड घशात सुरू होत नाही. ती मूत्रपिंडातून निघून यकृत, फुप्फुस असा प्रवास करत मेंदूत पोचलेलीही असते.

हे उलगडायला जवळपास शंभर वर्षं लागली. स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टिगरस्टेट आणि त्यांचा विद्यार्थी पेर बेर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाच्या शिरेत टोचला आणि त्याचा रक्तदाब चढला. १८९८ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि त्या अज्ञात द्रव्याला रेनिन हे नाव दिलं. पुढची तीन-साडेतीन दशकं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९३४ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमनीवर चांदीचा चिमटा बसवून ती थोडी आवळली आणि कायमचं बीपी घडवून दाखवलं. रक्त कमी आलं म्हणून मूत्रपिंडाने दुष्काळ पडल्याची हाकाटी केली होती. आजही तरुण बाईचं बीपी एकाएकी फार वाढलेलं सापडलं तर आपल्याकडचे जाणते डॉक्टर दोन्ही हातांची नाडी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या तपासतात, कारण ताकायासू नावाच्या आजारात धमनीला सूज येऊन हाच चिमटा आपोआप बसलेला असतो. नंतर ब्यूनस आयर्स आणि इंडियानापोलिस इथल्या दोन गटांना एकच द्रव्य एकाच सुमारास सापडलं. एकांनी हायपरटेन्सिन म्हटलं, दुसऱ्यांनी अँजिओटोनिन. १९५८ मध्ये दोघांनी आपापलं अर्धं नाव सोडलं आणि अँजिओटेन्सिन हे नाव ठरलं.

या इतिहासातला ऊसतोड्यांच्या सर्वांत जवळचा माणूस म्हणजे मिशिगन विद्यापीठाचे जेरोम कॉन. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्याकडे एक प्रश्न आला: थंड मुलखातले सैनिक उष्ण कटिबंधात गेल्यावर उन्हाला सरावतात कसे? कॉन यांनी माणसांना उष्ण, दमट खोलीत कष्टाची कामं करायला लावली आणि त्यांचा घाम, लघवी, लाळ तपासली. पहिल्या दिवसांत घाम खारट होता. थोड्याच दिवसांत घामाचं प्रमाण तेवढंच राहिलं, पण त्यातलं मीठ झपाट्याने घटलं. अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं कुठलंसं संप्रेरक हे घडवत असणार असा त्यांचा अंदाज होता. १९५३ मध्ये लंडनला सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी अल्डोस्टेरॉन शोधलं आणि अंदाज खरा ठरला. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाबरोबर घामाच्या ग्रंथींनाही मीठ राखायला लावतं.

हे वाचलं तेव्हा मला मामा आठवला. तो म्हणतो, फडात गेल्यावर पहिला आठवडा जीव घेतो, सदऱ्यावर पांढरे पट्टे उमटतात, रात्री पिंढऱ्यांत गोळे येतात. मग अंग मानायला लागतं. अंग मानायला लागतं म्हणजे काय होतं, त्याचं उत्तर कॉन यांच्या त्या खोलीत सापडलं. मात्र शरीराला यासाठी आठ-पंधरा दिवस लागतात. गेल्या गेल्या पहिल्या दिवशी पूर्ण टनाची मागणी करणाऱ्या मुकादमाला हे कुणीतरी सांगायला हवं.

घामाच्या या अभ्यासामुळेच कॉन यांना पुढे एक रोगी ओळखता आला. चौतीस वर्षांची एक बाई त्यांच्याकडे आली: हातापायांतली ताकद गेलेली, गोळे येणारे, बीपी वाढलेलं, रक्तातलं पोटॅशियम अगदी कमी. तिच्या घामात मीठ जवळजवळ नव्हतंच. उन्हात न राबताही तिचं शरीर उन्हात राबल्यासारखं वागत होतं. तिच्या एका अ‍ॅड्रिनल ग्रंथीत गाठ निघाली, ती काढली आणि बाई बरी झाली. १९५५ मध्ये कॉन यांनी हा आजार मांडला. पुढे रेनिन मोजता येऊ लागल्यावर दिसलं की अशा रोग्यांत अल्डोस्टेरॉन भरपूर आणि रेनिन जवळजवळ शून्य असतं. वरून हुकूम नसताना दार उघडं राहिलेलं असतं. तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात येत नसेल, पोटॅशियम कमी असेल, तर डॉक्टरांना अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांच्या तपासणीबद्दल जरूर विचारावं.

ही व्यवस्था ज्या परिस्थितीसाठी घडली, त्या परिस्थितीत राहणारी माणसं आजही आहेत. ब्राझील-व्हेनेझुएलाच्या जंगलातले यानोमामी लोक अन्नात मीठ घालतच नाहीत. १९७५ मध्ये त्यांच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या लघवीत मीठ नावालाच होतं, रेनिन आणि अल्डोस्टेरॉन खूप चढलेलं होतं, आणि रक्तदाब शंभर-साठच्या आसपास, म्हातारपणीही तेवढाच. दुष्काळी सामान नीट वापरणारी शरीरं ती. आपण त्याच सामानाला दिवसाला आठ ते अकरा ग्रॅम मीठ देतो, तर जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पाच ग्रॅम आहे, म्हणजे सपाट एक चमचा. पापड, लोणचं, फरसाण, ठेचा, भाकरीच्या पिठातलं मीठ, वरून ताटात घेतलेलं मीठ. रेनिन तेव्हा उतरतं, पण बऱ्याच माणसांत पुरेसं उतरत नाही. साठलेल्या पाण्याचा भार धमन्या वर्षानुवर्षं सोसतात.

आपल्याकडे या साखळीचा एक उग्र अवतार सगळ्यांच्या ओळखीचा आहे: विंचवाचा दंश. दगड उचलताना, पाचट गोळा करताना, पहाटे चुलीसाठी जळण ओढताना लाल विंचू डंख मारतो. त्याचं विष चेतातंतूंतल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं आणि अ‍ॅड्रिनलिन-नॉरअ‍ॅड्रिनलिनचा लोंढा सुटतो. हातपाय गार पडतात, दरदरून घाम सुटतो, दाब चढतो, मग हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. रेनिनच्या पेशींना मिळणारी तिसरी खबर तीच नॉरअ‍ॅड्रिनलिनची, त्यामुळे हा लोंढा अँजिओटेन्सिनही वाढवतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राधाकृष्ण मूर्ती आणि सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात कुत्र्यांना लाल विंचवाचं विष देऊन ही वाढ प्रत्यक्ष मोजली.

खेड्यात मात्र इलाज शोधला तो जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने. डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा विंचू चावलेली धडधाकट माणसं त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत होती. ते रात्र-रात्र रोग्यांच्या उशाशी बसून राहिले, नोंदी केल्या, आणि १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दंशाची धोक्याची लक्षणं मांडली. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली आणि १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात तिचा गुण जगाला दाखवला. गंभीर रोग्यांतलं मृत्यूचं प्रमाण आधी शंभरात पंचवीस-तीस होतं, ते चारच्याही खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या या कामासमोर मी मराठवाड्याचा माणूस म्हणून नेहमी नतमस्तक होतो.

विंचवाच्या विषाने साखळी चेतते, तर एका सापाच्या विषाने ती अडवण्याची युक्ती दिली. ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषात सेर्जियो फरेरा यांना १९६५ मध्ये काही छोटी प्रथिनं सापडली. ती फुप्फुसातल्या त्या दुसऱ्या कात्रीला, एसीईला, बोथट करत होती. त्यांच्या धर्तीवर अमेरिकेत डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंडेट्टी यांनी १९७५ मध्ये कॅप्टोप्रिल घडवलं. एनालाप्रिल, रामिप्रिल ही त्याचीच भावंडं. या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, म्हणून पुढे लोसार्टन, टेल्मिसार्टन आली. ती कात्रीला हात लावत नाहीत. अँजिओटेन्सिन जिथे जाऊन बसतं ती जागाच अडवतात.

मामीच्या प्रश्नाचं उत्तर इथे येतं. तिची गोळी शरीराला सांगते की दुष्काळ संपला आहे, आवळू नकोस, एवढं मीठ धरू नकोस. गावात, रोजच्या दिवसांत हे खरंच असतं आणि म्हणून ती गोळी मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड वाचवते. पण एखाद्या दिवशी शरीरावर खरोखर दुष्काळ येतो. एप्रिलचं ऊन, डोक्यावर मोळी, टँकरचं पाणी संपलेलं, किंवा जुलाब-उलट्या. अशा वेळी मूत्रपिंडाची गाळणी चालू ठेवण्यासाठी अँजिओटेन्सिन गाळणीतून बाहेर जाणारी धमनी आवळून आतला दाब राखत असतं. गोळीने ते थांबवलेलं असतं. त्यात अंगदुखीवर डायक्लोफेनॅकची गोळी घेतली तर आत येणारी धमनी सैल ठेवणारी प्रोस्टाग्लँडिनंही बंद होतात. जोडीला लघवीची गोळी असेल तर पाणी आणखी तुटतं. तिन्ही मिळून चांगली मूत्रपिंडं दोन दिवसांत काम थांबवू शकतात. ऊसतोड करणाऱ्याच्या खिशात अंगदुखीची गोळी असतेच. कंबर मोडून टनावर टन तोडल्यावर तिच्याशिवाय झोप येत नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणूनच हे इतक्या कळकळीने लिहितो आहे.

निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये ऊस तोडणाऱ्या तरुण पुरुषांची मूत्रपिंडं निकामी होण्याची साथच दोन दशकांहून अधिक काळ चालली आहे. निकाराग्वातल्या चिचिगाल्पाजवळच्या एका वस्तीला विधवांचं बेट म्हणतात. नेमक्या कारणावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, पण ऊन आणि पुन्हा पुन्हा होणारी पाण्याची तूट यांच्याकडे सगळ्यांचं बोट आहे. तिथे फडाजवळ सावली, पाणी आणि ठरलेली विश्रांती देऊन पाहिली जात आहे. आपल्या फडांत ही तिन्ही असायला काय हरकत आहे?

बायांसाठी आणखी एक गोष्ट. पोटातल्या बाळाची मूत्रपिंडं घडायला त्याचं स्वतःचं रेनिन-अँजिओटेन्सिन लागतं. म्हणून ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ शेवट असलेल्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. दिवस गेल्याची शंका येताच डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्यायची. आणि बीपीसाठी म्हणून मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. या गोळ्या आधीच पोटॅशियम वाढवतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते मीठ विचारल्याशिवाय वापरू नये.

मामीला यातलं फडात उपयोगी पडेल तेवढं मी ट्रॉली सुटायच्या आधी सांगितलं. रोज घ्यायची, विसरायची नाही, बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांसमोर ही पट्टी धरायची. मामीला वाचता येत नाही. तिने एका पट्टीच्या कोपऱ्याला लाल दोरा बांधला, “ही दाखवायची,” असं स्वतःशी म्हणाली आणि पट्ट्या परत मिठाच्या पिशवीला लावल्या.

मार्चमध्ये तिचा फोन आला. दोन दिवस जुलाब होते, डोळ्यांपुढं अंधारी येत होती. डॉक्टरांनी सलाईन लावलं, रक्त तपासलं, गोळी चार दिवस बंद ठेवली आणि मग पुन्हा सुरू करायला सांगितली. “दोरा बघून त्यांनीच इचारलं, ह्यो कशाला,” मामी सांगत होती. मागून मामा ओरडत होता की ट्रॅक्टर आला, मोळ्या भरायच्यात. ती म्हणाली, “आता ठिवते बाळा, पाण्याचा कॅन भरून घ्यायचाय.”